आजींचे तीन, आजोबांचं शून्य

ग्रीक भाषेत 'हो'ला 'ने' म्हणतात आणि 'नाही'ला 'ओही'. माझं माहेर रत्नागिरीचं. 'नाय' म्हणत वाढलेल्या माणसाच्या कानांवर हा सरळसरळ अन्याय आहे. अथेन्समध्ये इतकी वर्षं काढूनही आठवडी बाजारात भाजीवाला 'ने, ने' म्हणाला की माझा पिशवीकडे गेलेला हात आपोआप मागे येतो.

बोललेलं तरी पाठ करता येतं. न बोललेल्याचं काय करायचं? नकार द्यायला ग्रीक माणूस तोंड उघडेलच असं नाही. भुवया वर, हनुवटी जराशी वर, झालं. फार तर जिभेनं एक 'त्स्'. आपल्याकडे हीच खूण म्हणजे "काय?". माझ्या पहिल्याच मुलाखतीत एका गृहस्थांना विचारलं, गेल्या बारा महिन्यांत एखाद्या मोर्चाला गेला होता का? त्यांनी भुवया उडवल्या. मला वाटलं, ऐकू आलं नसावं. अशा वेळी प्रश्न शब्दन् शब्द पुन्हा वाचायचा, असा आमचा नियम. वाचला. भुवया पुन्हा वर. मग मी आणखी सावकाश आणि मोठ्यानं वाचला. तिसऱ्या खेपेला त्यांची बायको स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि म्हणाली, "अगं पोरी, तो नाही म्हणतोय!"

खरं तर माझं काम ऑफिसातलं. नवरा अथेन्सच्या बंदरात, पिरेअसला, जहाज कंपनीत, आणि मी एका सर्व्हे करणाऱ्या कंपनीत, लोकांनी स्वतःच्या शब्दांत दिलेल्या उत्तरांना आकडे लावत बसायचे. पण २०१६च्या नोव्हेंबरमध्ये फील्डवर माणसं कमी पडली आणि ग्रीक बोलता येणाऱ्या प्रत्येकाला बाहेर काढलं. विषय होता रोजचं जगणं. तब्येत कशी आहे, शेजाऱ्यापाजाऱ्यांवर विश्वास किती, संसदेवर किती, आयुष्याबद्दल समाधान किती, आणि शेवटाकडे, बाहेरच्या देशांतून इथं राहायला आलेल्या लोकांबद्दल काय वाटतं. उत्तर शून्य ते दहामध्ये. फॉर्म अजून कागदीच होते.

त्या शनिवारी सकाळी सुपरवायझरनं मला बाजूला घेतलं. "बाहेरून आलेल्या लोकांमुळे देश राहायला वाईट झाला की चांगला, या प्रश्नाला तुझ्याकडे सगळे सात-आठ देतायत. त्याच भागात बाकीच्यांना दोन-तीन मिळतायत."

"मग?"

"मग काही नाही. लोक तुझ्याकडे बघून उत्तर देतायत."

यात त्याचं चुकलं नव्हतं. गव्हाळ रंगाची परदेशी बाई समोर बसून विचारते की परदेशी लोकांमुळे देश बिघडला का, तेव्हा दारात आलेल्या माणसाला पाणी विचारणारा कुठलाही माणूस काय सांगणार? आमच्या धंद्यात याला मुलाखतकाराचा परिणाम म्हणतात. पुस्तकात वाचलं होतं. तो परिणाम आपणच आहोत हे ऐकायला वेगळं वाटतं. आणि सात-आठ ऐकून मला बरं वाटत होतं, हेही खरं.

दुपारी किप्सेलीत गेले. किप्सेली म्हणजे मधमाश्यांचं पोळं. एके काळी अथेन्सच्या पैसेवाल्यांची ही वस्ती. आता त्याच उंच उंच इमारतींत तळमजल्याला आफ्रिकन न्हावी, मधल्या मजल्यांवर अल्बेनियन कुटुंबं आणि वरच्या उन्हाच्या मजल्यांवर जुने ग्रीक म्हातारे. २८ ऑक्टोबरला लावलेले झेंडे काही गच्च्यांवर अजून तसेच होते. १९४०मध्ये त्या दिवशी मुसोलिनीच्या निर्वाणीच्या खलित्याला ग्रीसनं नकार दिला, त्याची इथं राष्ट्रीय सुट्टी असते. तिचं नावच 'ओही'चा दिवस. सायप्रस सोडला तर नाही म्हटल्याचा सण पाळणारा दुसरा देश मला तरी माहीत नाही.

दुसऱ्या 'ओही'नं मात्र आमची पंचाईत करून ठेवली होती. ५ जुलै २०१५चं सार्वमत. बँका बंद, एटीएममधून दिवसाला ६० युरो, आणि कर्जदात्यांच्या अटी मानायच्या की नाही यावर मतदान. बहुतेक सगळ्या चाचण्या सांगत होत्या की अटीतटीचं आहे. निकाल लागला तो ६१.३१ टक्के 'ओही'. तेव्हापासून बेल वाजवून 'सर्व्हे' म्हटलं की इंटरकॉममधून हमखास यायचं, "तुम्हीच ना ते अटीतटीवाले?" मला त्याच्या आधी आणखी एक पायरी असायची. माझे उच्चार ऐकून अर्धे लोक आधी सांगत, "कामाला बाई नको आहे."

या घरी माझी ही तिसरी फेरी. नावडतं घर सोडून शेजारची बेल वाजवता येत नाही. यादीत जो पत्ता निघाला तोच. कुणी भेटलं नाही तर पुन्हा वेगळ्या वेळी, संध्याकाळी, सुट्टीच्या दिवशी जायचं. साडेतीनच्या आत काम संपवायला हवं होतं. हिवाळ्यात साडेतीन ते साडेपाच इथं कायद्यानंच शांततेची वेळ असते, आणि त्या वेळात बेल वाजवणाऱ्याला कोणी क्षमा करत नाही. पावणेदोनला दार उघडलं. साधारण ऐंशीकडे झुकलेल्या आजी, काळं कार्डिगन, हातात आम्हीच पाठवलेलं पत्र. ते त्यांनी विजेच्या बिलांबरोबर जपून ठेवलं होतं. २०११मध्ये सरकारनं घरांवरचा कर विजेच्या बिलातून वसूल करायला सुरुवात केली होती, तेव्हापासून शिक्का असलेला कुठलाही कागद त्या टाकत नव्हत्या.

घरात दोघंच. प्रश्न कुणाला विचारायचे ते आम्ही ठरवायचं नसतं. ज्याचा वाढदिवस सगळ्यात अलीकडे झाला, तो माणूस.

"हा," आजींनी आतल्या खोलीकडे हात केला. "२६ ऑक्टोबर."

मी फॉर्मवर आजोबांचं नाव लिहायला घेतलं आणि थांबले. २६ ऑक्टोबर म्हणजे संत दिमित्रिओसचा दिवस. ग्रीक लोक जन्मतारखेपेक्षा आपल्या नावाच्या संताचा दिवस मोठा मानतात. मोठ्या माणसाला वाढदिवस विचारलात तर निम्म्या वेळा नामदिनच सांगतात. नीट विचारल्यावर कळलं, आजोबा जन्मले मार्चमध्ये आणि आजी सप्टेंबरमध्ये. म्हणजे उत्तरं आजींची.

आजोबांना हे पटलं नाही. ते आले नाहीत, पण आतून लक्ष ठेवून होते.

आजींनी आधी बशी ठेवली. कडू संत्र्याच्या सालीची पाकातली गुंडाळी, चमचा, थंड पाण्याचा ग्लास. अथेन्सच्या फुटपाथांवर ही झाडं ओळीनं असतात. फळ तोंडात धरवत नाही, पण साल पाकात मुरली की आपल्या मोरावळ्याची चुलत बहीण शोभते. मी आजोबांच्या नामदिनाच्या उशिरानं शुभेच्छा दिल्या. आतून खोकला आला. तो स्वीकार समजले.

तब्येत कशी आहे? "चांगली," आजी म्हणाल्या आणि लगेच छातीवर तीनदा थुंकल्यासारखं केलं, फ्तू-फ्तू-फ्तू. दृष्ट काढायची ती त्यांची पद्धत. या थुंकीला फॉर्मवर जागा नसते.

एकूण आयुष्याबद्दल किती समाधानी, शून्य ते दहा?

"दोक्सा तो थेओ."

म्हणजे देवाची कृपा. आपल्याकडे 'कसं काय' विचारल्यावर 'चाललंय' म्हणतात, तसं. मला आकडा हवा होता. शून्य ते दहा आकड्यांचं कार्ड पुढे केलं, प्रश्न पुन्हा वाचला. "दोक्सा तो थेओ, पोरी, सांगितलं ना." 'चाललंय'ला किती मार्क द्यायचे? पेन्शन दोनदा-तीनदा कापली गेल्यावरचं चाललंय आणि मुलगा परदेशात नीट लागलाय म्हणूनचं चाललंय यांत फरक असणारच. पण तो मी ठरवायचा नसतो. सुचवायचंही नसतं. "तुम्हाला जे वाटेल ते" एवढंच म्हणायची परवानगी.

"सात," शेवटी त्या म्हणाल्या. मग आवाज खाली आणून, "आठ. पण तो ऐकतोय."

सात लिहू की आठ? आठ लिहिलं.

मग तो प्रश्न आला. बाहेरच्या देशांतून लोक इथं राहायला आल्यामुळे ग्रीस राहायला जास्त वाईट झाला की जास्त चांगला? शून्य म्हणजे वाईट, दहा म्हणजे चांगला. आदल्या वर्षी साडेआठ लाखांहून जास्त माणसं समुद्रातून ग्रीसच्या किनाऱ्याला लागली होती. टीव्हीवर दुसरं काही दिसत नव्हतं.

"मिदेन!" आतून आवाज आला. शून्य.

"तुला कुणी विचारलं?" आजी मान न वळवता म्हणाल्या. मग त्यांनी चष्मा काढला, कार्ड मांडीवर ठेवलं आणि माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता सात येणार. मनातल्या मनात सातच्या चौकटीपाशी पेन गेलंसुद्धा होतं.

"माझी आई स्मिर्नाची," त्या म्हणाल्या. "बावीस साली बोटीतून आली. पोरगीच होती. निआ इओनियाला गालिचे विणायच्या कारखान्यात लागली. इथले लोक त्यांना काय म्हणायचे ठाऊक आहे? तुर्काचं बी."

स्मिर्ना म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं इझमीर. १९२२ची ती पळापळ आणि पुढच्या वर्षी ग्रीस-तुर्कस्तानात माणसांची अदलाबदल ठरवणारा लोझानचा करार, मिळून बारा लाखांच्या आसपास निर्वासित आशिया मायनर आणि आसपासच्या भागांतून इकडे आले. तेव्हाचा देश पन्नास-पंचावन्न लाखांचा. म्हणजे इथल्या कितीतरी घरांत कुणीतरी बोटीतून उतरलेलं आहे. हे मी आधी चार घरी ऐकलं होतं, आणि चारही घरी त्याच्यामागून मोठा आकडा आला होता. सातवरचं पेन आठकडे सरकलं.

"तीन," आजी म्हणाल्या.

मी वर पाहिलं असणार. नियमानुसार बघायचं नसतं, चेहरा कोरा ठेवायचा असतो.

"तीन लिही. खाली जिन्यात रात्री दिवा नसतो, मी चारनंतर बाहेर पडत नाही. हे त्यांच्यामुळे आहे का म्युनिसिपालिटीमुळे, मला ठाऊक नाही, पण आधी असं नव्हतं. आई आली म्हणून मी खोटं बोलू? तूही बाहेरची, म्हणून बोलू?" मग बशीकडे बोट दाखवून, "ते संपव. अर्धं टाकायचं नसतं."

"मिदेन!" आतून पुन्हा.

मी तीन लिहिलं. मला वाईट वाटलं का, असं पुढे मैत्रिणींनी विचारलं. त्या क्षणी तरी नाही. आठ-दहा दिवस लोक माझ्याशी गोड बोलत होते. या बाईनं मला पाकातली साल खायला घातली आणि त्याच बैठकीत खरं सांगितलं. नंतर बसमध्ये मात्र जिन्यातल्या त्या अंधाराचा विचार आला. आमच्या इमारतीत मलाही रात्री फोनच्या उजेडात चढावं लागतं.

शेवटचा प्रश्न ठरलेला. मुलाखत खरंच झाली याची खात्री करायला ऑफिसातून फोन आला तर चालेल का? आजींच्या भुवया वर गेल्या, हनुवटी जराशी वर. या वेळी मी प्रश्न पुन्हा वाचला नाही. 'नाही'वर खूण केली. तिथून निघाल्यावर जिन्यात बसून मुलाखतकारानं भरायची चौकट भरली. दुसऱ्या कुणी मध्ये ढवळाढवळ केली का? हो. कुणी? पती. किती वेळा? त्याला रकाना नव्हता.

बुधवारी सुपरवायझरनं बोलावलं. समोर तोच फॉर्म.

"शनिवारी सकाळी मी तुला म्हटलं की तुझे आकडे वर आहेत. शनिवारी दुपारीच तुझा पहिला तीन आला. आणि नेमका याच घराचा फोन नंबर नाही."

मला अर्थ लागायला थोडा वेळ लागला. घरबसल्या फॉर्म भरणारे मुलाखतकार प्रत्येक देशात असतात. त्यांना पकडायचं कामही मी कधी कधी केलं होतं. संशय घ्यायला तो फॉर्म उत्तम होता, मीही घेतला असता. गोड उत्तरं संशयास्पद, आणि कडू आलं तर तेही संशयास्पद. मी काही बोलले नाही. बोलून पुरावा होत नाही.

त्यानं दुसऱ्या दिवशी तपासायला एक तरुण मुलगा पाठवला. तपासणीच्या कागदावर चारच गोष्टी असतात. कुणी आलं होतं का, साधारण किती वेळ बसलं, कार्डं दाखवली का, जन्मसाल काय. मतं पुन्हा विचारत नाहीत, माणसाचं मत चार दिवसांत बदलू शकतं म्हणून.

मुलगा संध्याकाळी ओठ चाटत परत आला. "आली होती म्हणे. तासाभराच्या वर बसली. बशी स्वच्छ केली." मग कागद खाली ठेवून म्हणाला, "पण मी जिना उतरेपर्यंत आतून कोणी म्हातारा 'मिदेन, माझं मिदेन लिही' म्हणून ओरडत होता. हे कशाचं उत्तर?"

सुपरवायझरनं फॉर्म उचलला आणि झालेल्यांच्या गठ्ठ्यात ठेवला.