‘गुन्हा कबूल’ म्हणण्याआधी वकील मागा

हातगाडी रस्त्यात लावली, गल्लीत मारामारी झाली, दारूबंदीची केस पडली की माणूस तारखेला एकटाच जातो. बाहेर कोणीतरी सांगतं, ‘कबूल कर, दंड भर, सुटशील.’ दंड भरून केस संपते खरी, पण ती दोषसिद्धी असते, म्हणजे कोर्टाने तुमचा गुन्हा सिद्ध धरलेला असतो. पुढे नोकरीसाठी पोलीस पडताळणी निघाली की ती नोंद आडवी येते. कबुली देण्याआधी न्यायाधीशांना एवढंच म्हणा: ‘साहेब, मला मोफत वकील पाहिजे.’ ही भीक नाही, 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने दिलेला हक्क आहे.

केस लहान आहे म्हणून हा हक्क जात नाही. कलम 12 ‘खटला लढवणाऱ्या’ माणसाबद्दल बोलतं, गुन्ह्याच्या आकाराबद्दल नाही. सोलापूरच्या पूर्व भागातल्या विडी कामगार बाईला उत्पन्नाची अटच नाही, कारण ती स्त्री आहे. अनुसूचित जाती-जमाती, अपंग, औद्योगिक कामगार आणि कोठडीतला कोणीही, यांनाही ती नाही. बाकीच्या बहुतेकांना वर्षाला 3 लाखांच्या उत्पन्नाची मर्यादा. उत्पन्नाचा दाखला नाही म्हणून कोणी परत पाठवलं, तर कलम 13 दाखवा: शंकेला जागा नसेल तर प्रतिज्ञापत्र पुरतं.

अर्ज सोलापूरच्या जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे द्यायचा. बार्शी, पंढरपूरसारख्या ठिकाणी तालुका समितीकडे. सोबत समन्स किंवा दोषारोपपत्राची प्रत आणि आधारची झेरॉक्स न्या. 15100 वर फोन करूनही विचारता येतं. अटक झाली असेल तर अर्जाचीही वाट पाहू नका, पहिल्या रिमांडलाच, म्हणजे अटकेनंतर पोलीस पहिल्यांदा न्यायाधीशांसमोर उभं करतात तेव्हाच, तोंडी मागा. 1986 मध्ये सुखदास खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने धमकीच्या गुन्ह्यातली दोन वर्षांची शिक्षा रद्द केली. आरोपीने वकील मागितला नव्हता, पण तो मागता येतो हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

वकील लावून दिला की त्याचा नंबर घ्या आणि पुढची तारीख स्वतः लिहून ठेवा. ‘वकील आहे की’ म्हणून घरी बसणाऱ्यावर वॉरंट निघतं, आणि मग साध्या केसमध्येही आत जायची वेळ येते. वकिलाने पैसे मागितले तर प्राधिकरणाच्या सचिवांकडे लेखी तक्रार करा. वकील बदलूनही मागता येतो.

खरी अडचण बहुतेक वेळा जामीनदाराची असते. वकील फुकट मिळतो, जामीनदार कुठून आणायचा? जामीनपात्र गुन्ह्यात अटकेपासून आठवड्याभरात जामीनदार मिळाला नाही, तर आरोपी गरीब आहे असं धरायला तेवढं कारण पुरे, असं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 478 म्हणतं. मग जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्याच लेखी हमीवर, सोडावं लागतं. हे वकिलाला आठवणीने सांगा. आणि 5,000 रुपयांहून कमी किमतीची, पहिलीच चोरी असेल, वस्तू परत केली असेल, तर भारतीय न्याय संहितेत तुरुंगाऐवजी समाजसेवेची शिक्षा आहे. तेही त्याला विचारा.