मटण जर्की: पावसाळी घाण्याची नोंद

जर्की म्हणजे मसाला लावून वाळवलेल्या, तशाच खायच्या मांसाच्या पट्ट्या. मांस यावेळीही बोकडाच्या मांडीचंच. अमेरिकन कृती बहुतेक बीफवर बेतलेल्या असतात. महाराष्ट्रात म्हशीच्या मांसावर बंदी नाही, पण आमच्या बाजूला ते मिळत नाही. बोकडाचं मांस मुळातच कमी चरबीचं, आणि आहे ती चरबी बरीचशी बाहेरच्या अंगाला, सुरीने निघणारी. ती काढायचा कंटाळा करू नका. मांस वाळलं तरी चरबी वाळत नाही आणि खवट वास तिथूनच सुरू होतो. खाटकाला मात्र आधीच बजावावं लागतं, "भाऊ, हाड काढून अख्खा गोळा द्या, तुकडे नकोत." नाहीतर सवयीने रश्श्याचे तुकडे हातात पडतात.

गोळा फ्रीझरमध्ये अर्धवट कडक करून पाच मिलिमीटरच्या पट्ट्या कापल्या, रेषांना आडव्या. रेषांच्या दिशेने कापलं तर चिवटपणा वाढतो. काहींना तोच आवडतो, माझ्या दातांना नाही.

साफ केलेल्या १ किलो मांसाला २० ग्रॅम मीठ, व्हिनेगर, भरड मिरी, भाजून कुटलेले धणे, ब्याडगीची पूड आणि थोडी काकवी. धणे-व्हिनेगरची जोडी दक्षिण आफ्रिकेच्या बिल्टाँगकडून, म्हणजे तिथल्या वाळवलेल्या मांसाकडून, उचलली आहे. कांदा-लसूण मसाला घालायचा मोह आवरला, कारण त्यात तेल असतं. रात्रभर फ्रिजमध्ये मुरवलं.

आता मुख्य मुद्दा. वाळवलेलं मांस आपल्याकडे नवीन नाही. मराठवाडा-विदर्भातल्या दलित घरांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या चान्या केल्या गेल्या: लांब पट्ट्या, मीठ, कडक ऊन. पण चान्या नंतर भाजल्या किंवा शिजवल्या जातात. जर्की थेट तोंडात जाते, त्यामुळे तिथे चुलीवर होणारं काम इथे आधीच उरकावं लागतं. डिहायड्रेटर (गरम हवेने वाळवणारं यंत्र) ६० अंशांवर असला तरी ओली पट्टी ६० अंशांवर नसते. पाणी उडताना ती गार राहते. तेवढ्यात मांस सुकलं तर उरलेले जंतू उष्णतेला आणखी चिवट होतात. म्हणून वाळवण्याआधी पट्ट्या वाफवून आतलं तापमान ७१ अंशांवर नेलं (कोंबडीला ७४ लागतं). पोत किंचित भुसभुशीत होतो, हे खरं. मला तो सौदा मान्य आहे.

मग ६० अंशांवर डिहायड्रेटर. पावसाळ्यात इथे वेळ सांगण्यात अर्थ नाही, हवाच इतकी ओली की उन्हाळ्याचं गणित लागूच पडत नाही. 'वाकवली की तडकते पण तुटत नाही' ही खूण चांगलीच, फक्त पट्टी पूर्ण गार झाल्यावर बघायची. गरम पट्टी वाकतेच. माझा भरवसा वजनकाट्यावर. अमेरिकेत जर्की म्हणून विकायला पाणी आणि प्रथिनांचं प्रमाण ०.७५ ला १ पेक्षा जास्त चालत नाही. बोकडाच्या १ किलो मांसात प्रथिनं साधारण २०० ग्रॅम, म्हणजे पाणी १५० ग्रॅमपर्यंतच उरायला हवं. प्रथिनं, मीठ, बाकीचं किडुकमिडुक धरून वजन ४०० ग्रॅमच्या आसपास येतं. मी ३७० पर्यंत खाली नेलं. दमट हवेत थोडी जास्त कोरडी बरी.

चव: धणे पुढे, तिखट मागून. काकवी पुढच्या वेळी निम्मी, पट्ट्या बोटांना चिकटतात.

गार झाल्यावर सगळं काचेच्या बरणीत भरून झाकण लावलं. आतून बाष्प धरलं तर परत ट्रेवर, पण यावेळी काच कोरडी राहिली. नायट्राइट (मांस टिकवायला घालतात तो क्षार) वापरलेलं नाही, त्यामुळे बरणी फ्रिजमध्ये आणि मोठा वाटा फ्रीझरमध्ये. पुढचा प्रयोग कोंबडीच्या छातीच्या मांसाचा, गोडाशिवाय. कोणी केला असेल तर मिठाचं प्रमाण कळवा.