बसवाल्याचं विमान

अण्णा एसटीत ड्रायव्हर. नाशिक–पेठ गाडी, सावळघाट रोजचा. मी ओझरला विमानांच्या कारखान्यात रिव्हेट मारण्यात नोकरी घालवली. आता पंचवटीतल्या गच्चीवरच्या खोलीत बाल्सा या हलक्या लाकडाच्या काड्यांची विमानं बनवतो. सध्या टेबलावर डी हॅव्हिलंड या इंग्लिश कंपनीचं ड्रॅगन आहे, वर-खाली दोन पंखांचं, एकास सोळा प्रमाणात. मूळ पंख 47 फुटांचे, माझे तीन फुटांना जरा कमी.

हेच का घेतलं? तर हे विमान एका बसवाल्याने सांगून बनवून घेतलं होतं. एडवर्ड हिलमन, लंडनजवळच्या रॉमफर्डचा. प्रवासी मोटारींच्या धंद्यात मुरलेला माणूस. त्याच्याकडे त्याच कंपनीची फॉक्स मॉथ विमानं होती, पण एका इंजिनाची, तीन-चार प्रवाशांची. त्याला पॅरिसची सेवा सुरू करायची होती. मध्ये इंग्लिश खाडी, म्हणजे इंजिनं दोन हवीत; आणि तिकीट साध्या माणसाला परवडायला हवं. 12 नोव्हेंबर 1932 ला पहिलं ड्रॅगन उडालं. पुढच्या एप्रिलमध्ये पॅरिसच्या फेऱ्या सुरूही झाल्या.

स्वस्तात कसं जमवलं, ते बनवताना हाताला कळतं. धड म्हणजे प्लायवूडची सरळ पेटी. कुठे अवघड वळण नाही. इंजिनं जिप्सी मेजर, 130 अश्वशक्तीची, टायगर मॉथ या सरावाच्या विमानाला असायची तीच. मागे सहा प्रवासी. नाकाच्या टोकाला वैमानिक एकटा, शेजारी कुणी नाही. इंजिनांपलीकडचे पंख मागे दुमडतात, म्हणून लहान शेडमध्येही मावतं. एसटीच्या डेपोत जागेची ओढाताण पाहिलेल्या मला ही गोष्ट फार आवडली.

मी जन्मभर पत्रा हाताळला. कापडाची सवय नाही. पंखांना बायकोच्या जुन्या ओढणीचं पातळ रेशीम लावलं. त्यावर डोपचा, म्हणजे कापड ताणणाऱ्या वॉर्निशसारख्या लेपाचा, हात दिला की कापड आवळतं, ढोलकीच्या पानासारखं वाजतं. पहिला हात दिला तो नेमका गोदावरीला पूर येऊन पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागलं त्या आठवड्यात. डोपमधलं द्रावण भराभर उडतं, पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतली ओल तिथेच धरते. सकाळी बघतो तर वरचा डावा पंख पांढराफटक! पोटात खड्डा पडला. चार दिवसांनी ऊन पडल्यावर थिनर जास्त घालून पातळ हात दिला, तेव्हा पांढरेपणा गेला.

आयर्लंडच्या एर लिंगस या विमान कंपनीचं पहिलं विमानही ड्रॅगनच. नाव ‘इओलार’, म्हणजे गरुड. 27 मे 1936 ला ते पाच प्रवासी घेऊन डब्लिनजवळच्या बाल्डोनेलहून ब्रिस्टलला गेलं. पाच प्रवासी! पेठच्या शेवटच्या गाडीला याहून जास्त माणसं टपावर असायची, आणि अण्णा सगळ्यांना उतरवून घेतल्याशिवाय घाटाला लागायचे नाहीत.

वैमानिकाची बोटभर मूर्ती सागाच्या तुकड्यातून कोरून झाली आहे. तिला खाकी रंग दिलाय.