हिरवी पट्टी आणि कोळंबीची सालं

सोमवारी सकाळी साडेआठला वॉचमनचा फोन, "साहेब वरती काहीतरी मेलंय, लवकर या." मी कुर्ला स्टेशनच्या पुलावर, पाऊस धो धो, पुलावर मुंगीला जागा नाही, आणि माझ्या डोक्यात पहिला आला उंदीर. उंदीर असता तर बरं झालं असतं. चौथ्या मजल्यावरचा डीप फ्रीझर शनिवारी रात्री लाइट गेली तेव्हा ट्रिप झाला होता, नंतर लाइट आली पण कोणी स्विच वर केला नाही, आणि आत ऐंशी किलो कोळंबीची सालं. दीड दिवस. जून महिना, मुंबईची हवा. पुढचं तुम्हीच समजून घ्या.

आता मी कोण ते सांगतो. मी सायंटिस्ट वगैरे नाही, बीकॉम आहे, सीएची आर्टिकलशिप केली, दुसऱ्या ग्रुपला तीनदा आपटलो आणि मग पूर्व उपनगरातल्या एका इन्क्युबेटरमध्ये, म्हणजे नव्या कंपन्यांना जागा आणि लॅब देणाऱ्या संस्थेत, बायोटेक स्टार्टअपच्या ग्रँटचे हिशोब बघायला लागलो. पैसे सरकारचे, खर्च स्टार्टअपवाल्यांचा, आणि तो खर्च मंजूर हेडमध्येच, म्हणजे ठरलेल्या खर्चाच्या सदरातच, झालाय हे कागदावर दाखवायची जबाबदारी माझी. केंद्राच्या बायोटेक्नॉलॉजी खात्याने २०१२ मध्ये बायरॅक नावाची कंपनी काढली, तिची बिग म्हणून ग्रँट असते, ५० लाखांपर्यंत, १८ महिन्यांसाठी. नाव बिग पण त्यात करायचं काय तर कल्पना खरंच चालते एवढं दाखवायचं. माल बाजारात न्यायचा तर पुढे वेगळ्या स्कीम आहेत, तिथे परत नवा अर्ज, नवी समिती. लोकांना वाटतं ग्रँट मिळाली म्हणजे लॉटरी लागली. अहो पैसे हप्त्याने येतात, माइलस्टोन दाखवा मग पुढचा हप्ता, मध्ये युटिलायझेशन सर्टिफिकेट, म्हणजे पैसे ठरल्याप्रमाणे खर्च झाले याचा सरकारी नमुन्यातला दाखला, आणि पैसे बँकेत पडून जे व्याज मिळतं तेही तुमचं नसतं, भारतकोश या सरकारी पोर्टलवर चलन करून सरकारला परत भरायचं. एकदा एका पोराला मी तीनशे बारा रुपये व्याज भरायला लावलं होतं, तो अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

तर ही सालं ज्या मुलीची, ती कुलाब्याकडच्या कोळीवाड्यातली. पीएचडी आहे, पण आजी अजून ससून डॉकला पहाटे लिलावाला जाते आणि आई तिथेच शेडमध्ये वर्षानुवर्षं कोळंबी सोलत आलीय. त्या शेडमध्ये सालांचे ढीग असतात ना, ते लहानपणापासून बघून तिच्या डोक्यात बसलेलं की हे फेकतात कशाला. तिची कल्पना मला तिने कॅन्टीनमध्ये चहाच्या कपावर समजावली होती. सालं पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये टाकली की चुना निघतो, मग कॉस्टिक सोड्यात प्रोटीन निघतं, उरतं ते कायटिन. ते घट्ट कॉस्टिकमध्ये गरम केलं की ॲसिटिल गट सुटतात आणि कायटोसान तयार होतं. कायटोसानवर पॉझिटिव्ह चार्ज असतो, रक्तातल्या पेशींवर निगेटिव्ह, त्यामुळे जखमेवर ठेवलं की पेशी चिकटतात आणि रक्त थांबतं. परदेशात अशी ड्रेसिंग विकत मिळतात, महाग असतात, हिला ती इथल्या कचऱ्यातून स्वस्त बनवायची होती. सगळा खेळ किती टक्के ॲसिटिल गट सुटले त्याचा. आज ८५ आणि उद्या ७८ आली तर कोणी हात लावणार नाही. म्हणून तिचा दुसरा माइलस्टोन होता सलग तीन बॅच, प्रत्येक बॅच ८५ च्या आसपास, दोन टक्के इकडेतिकडे चालेल.

आणि इथे माझी चूक आहे, सरळ कबूल करतो. प्रपोजलचा गँट चार्ट, म्हणजे कुठलं काम कुठल्या महिन्यात ते पट्ट्यांनी दाखवणारा तक्ता, मी बनवला. एक्सेलमध्ये तीन बॅचची हिरवी पट्टी मी जून-जुलैवर ओढली, कारण तसं केलं की हप्ता ऑगस्टमध्ये येतो आणि माझा तिमाही हिशोब जुळतो. ती तेव्हा म्हणाली होती, "सर, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर असतात, माल कुठून आणू?" मी काय म्हणालो असेन? "मग मे मध्ये भरून ठेव की फ्रीझरमध्ये." मुंबईत जन्म गेला माझा, दर पावसाळ्यात पापलेट महागलं म्हणून बोंबलणारा मी, पण पट्टी ओढताना हे डोक्यात आलंच नाही. आणि गंमत म्हणजे पुढे ज्यांनी ज्यांनी तो चार्ट बघितला त्यांच्यापैकीही कोणी बोललं नाही.

असो, तर सोमवार. मी पोचलो तेव्हा चौथा मजला रिकामा, सगळे जिन्यात नाकाला रुमाल लावून. शेजारच्या सेल कल्चरवाल्या मॅडम लालबुंद, "आमचे फ्लास्क खराब झाले तर कोण भरून देणार?" ही मुलगी एकटीच आत. नाकाखाली विक्स, कोपरापर्यंत काळे ग्लोव्ह्ज, फ्रीझरमधून पिशव्या उचलत होती. लिफ्ट वापरायची नाही असा हुकूम झाल्यामुळे चार मजले पायऱ्यांनी खाली. मी दोन पिशव्या नेल्या. दुसरी तळाला फाटली होती आणि प्रत्येक पायरीवर तपकिरी पाणी गळत होतं, एक थेंब माझ्या बुटात गेला, ते बूट मी त्याच दिवशी टाकून दिले. कचऱ्याच्या गाडीवाला घ्यायला तयार नव्हता, त्याला चहापाण्याला दोनशे दिले, ते कुठल्या हेडमध्ये टाकायचे हा प्रश्न मला त्या वासातही पडला यावरून माझी काय अवस्था झालीय बघा.

ती रडली वगैरे नाही. खाली पायरीवर बसून आईला फोन लावला, स्पीकरवर होता. आईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "फ्रिजात कशाला ठेवलीस गो? वालवायची नाय का?" मग कळलं की मावशींनी, म्हणजे तिच्या आईने, एप्रिल-मे मध्ये सोडे घातले तेव्हा सालं पण गच्चीवर ताडपत्रीवर कडक वाळवली होती. कोंबड्यांच्या खाद्यासाठी एक जण नेतो म्हणून गोण्या भरून ठेवलेल्या, यंदा तो आला नाही. जवळपास ऐंशी किलो वाळलेलं. म्हणजे ओल्या मालाच्या हिशोबात आम्ही जे फेकलं त्याच्या तिप्पट-चौपट.

दुपारी टेम्पो आला, मावशी पुढे ड्रायव्हरशेजारी बसून. मी लगेच माझ्या कामाला लागलो, कारण माल आला म्हणजे बिल पाहिजे, आणि आईकडून खरेदी म्हणजे रिलेटेड पार्टी, नात्यातला व्यवहार, ते वेगळं दाखवावं लागतं. व्हाउचर बनवलं, २,४०० रुपये. पाच हजारांच्या आत रेव्हेन्यू तिकीट लागत नाही पण आमचे ऑडिटर तिकीट बघितल्याशिवाय पाणी पीत नाहीत म्हणून तेही चिकटवलं. मावशी सही करेनात. "पोरीकडून कचऱ्याचे पैसे घेऊ? वाड्यात काय सांगू?" म्हटलं मावशी, पैसे पोरगी देत नाहीये, सरकार देतंय. "मग तर नकोच साहेब, उद्या सरकार परत मागायला यायचं." व्याजाच्या चलनाचं यांना कोणी सांगितलं काय माहीत. शेवटी टेम्पोचं भाडं तेवढं घेतलं, त्यावर सही केली, आणि ते तिकीट लावलेलं व्हाउचर माझ्या फाइलमध्ये कोरंच राहिलं.

तीन बॅच झाल्या. पहिली ८६, दुसरी ८४. तिसरी ७९, आणि राखेचं, म्हणजे न निघालेल्या चुन्याचं, प्रमाणही वाढलेलं. तिने गोणी उपडी करून अर्धा तास लॅबच्या जमिनीवर बसून हाताने निवडली, तांदूळ निवडतात तशी, तेव्हा तळाला खेकड्याच्या कवचाचे तुकडे सापडले. खेकड्याचं कवच जाड, त्यात चुना जास्त, त्याच ॲसिडमध्ये तेवढ्याच वेळात तो निघत नाही आणि मग पुढचं सगळंच बिघडतं.

रिव्ह्यू जुलैच्या शेवटी होता. आदल्या रात्री रिपोर्ट वाचताना बघितलं तर कच्च्या मालाच्या रकान्यात "ताजी कोळंबीची सालं" असंच राहिलेलं, प्रपोजलमधून कॉपी पेस्ट. ती म्हणाली बदलते. मी म्हटलं राहू दे ग, मंजूर प्रोटोकॉलमध्ये तसंच आहे, बदललं तर डेव्हिएशन दाखवावं लागेल, कोण विचारतंय. हे वाक्य मी नोकरीत किती वेळा बोललो असेन, आणि बहुतेक वेळा खरंच कोणी विचारत नाही.

समितीत चार जण. एक वयस्क प्रोफेसर होते, पांढरी दाढी, पहिली वीस मिनिटं गप्प, मला वाटलं झोपलेत. बाकीच्यांनी नेहमीचं विचारलं. ड्रेसिंग म्हणजे मेडिकल डिव्हाइस, २०१७ चे नियम लागणार, चाचणीसाठी थोडा माल बनवायचा तरी टेस्ट लायसन्स लागेल त्याचं काय, कोळंबीची ॲलर्जी असलेल्या पेशंटचं काय, उरलेलं प्रोटीन मोजलं का. तिने पटापट उत्तरं दिली. मग दाढीवाल्यांनी चष्मा वर केला, "बॅच कधी केल्यात?" जून-जुलै. "जूनमध्ये ताजी कोळंबी कुठे मिळाली तुम्हाला?"

माझ्या पोटात गोळा. मी तोंड उघडणार, तोवर ती म्हणाली, "नाही सर, वाळलेली आहे. रिपोर्टमध्ये चुकीचं लिहिलंय. ताजी फ्रीझरमध्ये सडली." आणि सगळं सांगितलं, लाइट, गोण्या, खेकडा, ७९ चा आकडा. माझं नाव मात्र घेतलं नाही. दाढीवाले पुढे झुकून त्या तिसऱ्या बॅचबद्दलच विचारत बसले, निवडायला किती वेळ लागला, एका गोणीला एक बाई किती वेळात निवडेल, वाळवून किती महिने टिकतं. पहिल्या दोन चांगल्या बॅचबद्दल एक प्रश्न नाही. माझ्या अंदाजाने तो माणूस कधीतरी कारखान्यात राहून आलेला असणार, कॉलेजातला प्रोफेसर गोणीची चौकशी करत नाही.

निकाल काय, तर हप्ता थांबला. तीन महिन्यांचं एक्स्टेन्शन, जादा पैसे नाहीत, वाळलेल्या मालाची निवड कशी करायची ते लिहून काढा आणि ताज्या आणि वाळलेल्या दोन्हीच्या तीन-तीन बॅच परत करा. तीन महिने तिच्या असिस्टंटचा पगार कुठून काढायचा हा प्रश्न तसाच. मी तिला बाहेर सॉरी म्हटलं, ती म्हणाली ठीक आहे सर, चहा पाजा.

त्या संध्याकाळी नवा चार्ट बनवला. जून-जुलैचे रकाने करडे केले, वर ठळक अक्षरात मासेमारी बंदी लिहिलं, ताज्या मालाची हिरवी पट्टी बरोबर १ ऑगस्टपासून सुरू केली आणि जरा ऐटीतच तिला पाठवला. पाच मिनिटांत व्हॉट्सॲपवर उत्तर आलं, "सर, आमच्या होड्या नारळी पौर्णिमेला नारळ सोडल्याशिवाय जात नाहीत."

भिंतीवरचं कालनिर्णय काढलं, तारीख बघितली आणि पट्टी पुढे सरकवली.