ब्लॅक टँक फ्लशिंग : नळी बदलल्यानंतरची नोंद

आरव्हीच्या (राहायची सोय असलेल्या गाडीच्या) ब्लॅक टँकला, म्हणजे टॉयलेटचा मैला साठणाऱ्या टाकीला, आतून धुवायला पाणी मारायची अर्धा इंची नळी काढली आणि ५/८ इंची लावली. फरक आधी कानाला जाणवला. पूर्वी आतला फवारा नुसता चुळचुळायचा, आता पाणी टाकीच्या भिंतीवर आदळताना बाहेर उभं राहूनही ऐकू येतं. आकड्यात हा बदल किरकोळ दिसतो, पण पोकळीचं क्षेत्रफळ दीडपटीहून जास्त होतं आणि घर्षण घटल्यामुळे प्रवाह त्याहूनही वाढतो. आटे तेच, ३/४ इंची गार्डन होजचे, म्हणजे अडॅप्टरची भानगड नाही. लांबीही गरजेपुरतीच ठेवली. लांबलचक नळीत दाब वाटेतच संपतो.

नळी जाड रबराची घेतली. स्वस्त व्हिनाइलची थंडीत ताठ होते आणि जिथे एकदा मुरगळते तिथेच दरवेळी मुरगळते. पाणी भरलं की लांब होणारी कापडी नळी मी या कामाला वापरणार नाही. घासून फाटायला वेळ लागत नाही.

रंग मुद्दाम गडद. पिण्याच्या पाण्याची नळी पांढरी आहे आणि दोघींचा कप्पाही वेगळा. एकाच नळावर वाय-जोड लावून दोन्ही नळ्या एकदम जोडण्याचा मोह टाळा. दाब अचानक पडला तर टाकीतलं पाणी उलटं ओढलं जाऊ शकतं. गाडीच्या फ्लश जोडणीत व्हॅक्यूम ब्रेकर (हवा आत घेऊन हे उलटं ओढणं तोडणारा भाग) असला तरी नळाच्या तोंडाशी मी एक बॅकफ्लो प्रिव्हेंटर, म्हणजे पाणी उलटं जाऊ न देणारा जोड, लावतोच.

आता खरी गंमत पारदर्शक एल्बोची, म्हणजे सांडपाण्याच्या वाटेवरच्या, आतून काय वाहतंय ते दिसणाऱ्या वाकड्या जोडाची. टाकी रिकामी करायचा व्हॉल्व्ह उघडा ठेवून फ्लश सुरू केलं की आधी गढूळ पाणी येतं, मग कागदाचे तुकडे, मग चक्क स्वच्छ. इथे थांबायचं नाही. व्हॉल्व्ह बंद करून टाकी अर्ध्याच्या आसपास भरू द्यायची आणि एकदम सोडायची. एल्बोत पुन्हा तपकिरी लोंढा येतो! तळाला बसलेला गाळ नुसत्या फवाऱ्याने हलत नाही, त्याला पाण्याचा रेटा लागतो. मात्र व्हॉल्व्ह बंद असताना नळापासून हलायचं नाही. टाकी ओसंडली तर पाणी व्हेंट पाइपमधून (टाकीतली हवा छतावर सोडणाऱ्या नळीतून) छतावर नाहीतर टॉयलेटमधून आत येतं.

३ इंची सांडपाण्याच्या नळीबद्दल नवीन काही नाही. ग्रे टँक (सिंक-शॉवरच्या सांडपाण्याची टाकी) नेहमीप्रमाणे शेवटी सोडतो, साबणाच्या पाण्याने ती आतून धुतली जाते.

एवढं करूनही रिकाम्या टाकीचा सेन्सर एक तृतीयांश दाखवतोय. बहुतेक प्रोबवर (सेन्सरच्या टाकीतल्या टोकावर) कागद चिकटलाय, आणि कडेच्या फवाऱ्याचा मारा तिथवर पोचत नसावा. आता टॉयलेटमधून आत घालायची फिरत्या तोंडाची फ्लशिंग वाँड आणतोय. तिच्या मुठीलाच बंद-चालूची तोटी असेल अशी बघतोय, म्हणजे दरवेळी नळापर्यंत पळायला नको.