सरांची हजेरी

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत लिहावे असे पत्र आले, तेव्हा मैदान, वार्षिक संमेलन, सहल हे सारे मागे पडले आणि भौतिकशास्त्र प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत दोन रेडिओसंचांवर वाकलेले आपले सर तेवढे समोर आले. त्यांच्या एकाच दुपारीविषयी मी लिहिणार आहे.

आदल्या आठवड्यात सरांनी फळ्यावर हिशेब मांडला होता. साध्या एएम रेडिओ प्रक्षेपणात वाहक नावाच्या स्थिर लहरीवर आवाज चढवतात; हे चढवणे, म्हणजे मॉड्युलेशन, पूर्ण असले तरी दोन तृतीयांश शक्ती ती वाहक लहर खाते आणि तिच्यात बोलण्यातले एक अक्षरही नसते. उरलेली शक्ती वाहकाच्या वरच्या आणि खालच्या वारंवारतांच्या पट्ट्यांत, म्हणजे दोन साइडबँडांत, निम्मी निम्मी वाटली जाते आणि दोहोंत मजकूर तोच. ‘एकच पत्र दोनदा आणि वर रिकामा लखोटा कशाला पाठवायचा?’ असे विचारून, हा लखोटा व जादा प्रत वगळण्याच्या, म्हणजे सिंगल साइडबँड, पद्धतीसाठी अमेरिकन अभियंते जॉन कार्सन यांनी १९१५ साली पेटंटचा अर्ज केला होता, हे सरांनी सांगितले.

त्या दुपारी ९ मेगाहर्ट्झची वाहक लहर आणि मायक्रोफोनचा संकेत डायोडच्या बॅलन्स्ड मॉड्युलेटरमध्ये, म्हणजे वाहक दाबून फक्त साइडबँड बाहेर सोडणाऱ्या मंडलात, सोडून, मीटरचा काटा तळाशी बसेपर्यंत मी स्क्रूड्रायव्हरने प्रीसेट, म्हणजे जुळवणीचा छोटा रोध, फिरवत होतो. वाहक लहर तिथेच दबली. सरांनी १००० हर्ट्झची शिट्टी दिली की ९.००१ आणि ८.९९९ मेगाहर्ट्झ एवढेच उरत. पुढचा जेमतेम २.४ किलोहर्ट्झ रुंदीचा क्रिस्टल फिल्टर त्यातला खालचा अडवी. एरियलच्या जागी अर्थातच डमी लोड, म्हणजे लहरी बाहेर न सोडता शक्ती जिरवणारा रोध, होता.

सर हजेरीपट घेऊन मायक्रोफोनमध्ये नावे वाचू लागले आणि माझ्या हेडफोनमध्ये बदके बोलू लागली. प्रक्षेपक बिघडला असे समजून मी पुन्हा स्क्रूड्रायव्हर उचलला, तोच सरांनी माझा हात धरून ग्राहक रेडिओसंचाच्या बीएफओच्या, म्हणजे संचातच स्थिर लहर तयार करणाऱ्या आंदोलकाच्या, बटणावर ठेवला. तिकडे दाबलेली वाहक लहर इकडे पुन्हा द्यायची असते. प्रॉडक्ट डिटेक्टर तिचा आणि साइडबँडचा गुणाकार करतो, त्यातला फरक म्हणजे आवाज. बीएफओ १०० हर्ट्झ खाली राहिला, तर २००, ४००, ६०० चे ३००, ५००, ७०० होतात; सूर नुसते वर सरकत नाहीत, त्यांचे आपसांतले गुणोत्तरच मोडते. हे सगळे सरांनी नंतर समजावले. तेव्हा ते फक्त हजेरी घेत राहिले. मी केसभर बटण पिळले, आणि माझ्या आडनावाशी येता येता बदकाचे सर झाले. मी चक्क ‘हजर’ म्हणालो.

आज मी सॉफ्टवेअर रेडिओवर, म्हणजे मंडलांचे काम संगणकाच्या आज्ञावलीने करणाऱ्या रेडिओवर, काम करतो. तिथे फिल्टरऐवजी आवाज आणि वाहक दोन्ही ९० अंशांनी सरकवून, बेरजेत एक साइडबँड नाहीसा करण्याची फेजिंग पद्धत आकड्यांनी सहज साधते. सरांनी तिची बोळवण दोन वाक्यांत केली होती; त्या काळी घटक जुळवताना नाकी नऊ येत, हे खरेच.

मागच्या खोलीत आता संगणक आहेत आणि ते संच भंगारात गेले असे ऐकतो. तसे नसेल, तर कृपया मला कळवावे; त्यातल्या एकाच्या बीएफओच्या बटणावर सरांनी पांढऱ्या रंगाचा ठिपका दिलेला आहे.