छापील कार्यक्रमपत्रिका अजून विकत घ्यावी का?

इंग्लंडमध्ये दर मंगळवारी वर्तमानपत्रांच्या दुकानांत ‘रेडिओ टाइम्स’चा नवा अंक येतो आणि त्यात येत्या शनिवारपासून पुढच्या शुक्रवारपर्यंतचे दूरचित्रवाणीचे आणि रेडिओचे कार्यक्रम छापलेले असतात. आमच्या घरी तो नियमाने येतो. घरी येणारे मराठी पाहुणे, विशेषतः अलीकडे नोकरीनिमित्त इकडे आलेली तरुण मंडळी, तो टेबलावर पाहून हमखास विचारतात, की रिमोटचे एक बटण दाबले की आठवड्याभराचे कार्यक्रम पडद्यावर दिसतात, मग यासाठी वेगळे पैसे कशाला मोजायचे? प्रश्न रास्त आहे. अंक काही स्वस्त राहिलेला नाही आणि वर्षाची वर्गणी भरताना हात थोडा आखडतोच. तरीही माझे मत असे झाले आहे की ज्या घरात रेडिओ मनापासून ऐकला जातो त्या घराने हा खर्च अजून करावा, आणि ज्या घरात ठरलेल्या चारदोन मालिकांपलीकडे काही पाहिले-ऐकले जात नाही त्याने खुशाल करू नये.

या साप्ताहिकाचा जन्मच एका अडवणुकीतून झाला. १९२३ च्या सुरुवातीला ब्रिटनमधील वृत्तपत्र-मालकांच्या संघटनेने नव्याने निघालेल्या बीबीसीला कळवले की रेडिओचे कार्यक्रम छापून हवे असतील तर जाहिरातीच्या दराने पैसे भरावे लागतील. लंडनमधल्या सेल्फ्रिजेस या मोठ्या दुकानाने मग आपल्या जाहिरातीच्या जागेत बीबीसीचे कार्यक्रम छापून घेतले, आणि लोकांना ते हवे आहेत हे उघड झाल्यावर वृत्तपत्रांना माघार घ्यावी लागली. परंतु दुसऱ्याच्या मर्जीवर अवलंबून राहण्यातला धोका बीबीसीचे प्रमुख जॉन रीथ यांना कळून चुकला होता. २८ सप्टेंबर १९२३ रोजी ‘रेडिओ टाइम्स’चा पहिला अंक निघाला, किंमत दोन पेन्स. पुढे दूरचित्रवाणी आली आणि तिने रेडिओला मागे टाकले, तरी साप्ताहिकाचे नाव बदलले नाही.

आजच्या प्रश्नाचे उत्तर मला या इतिहासाच्या नंतरच्या एका टप्प्यात सापडते. १९५५ मध्ये आयटीव्ही ही व्यापारी वाहिनी सुरू झाली आणि तिच्याबरोबर ‘टीव्ही टाइम्स’ हे साप्ताहिक आले. तेव्हापासून १९९१ पर्यंत ‘रेडिओ टाइम्स’मध्ये फक्त बीबीसीचे कार्यक्रम आणि ‘टीव्ही टाइम्स’मध्ये फक्त आयटीव्हीचे, व पुढे चॅनल फोरचे, अशी विभागणी होती. कार्यक्रमांच्या यादीवर प्रत्येक संस्था स्वामित्वहक्क सांगत असे. वर्तमानपत्रांना त्या त्या दिवसाचे, आणि सुट्टीच्या वेळी फार तर दोन दिवसांचे, कार्यक्रम छापण्याची मुभा होती. संपूर्ण आठवड्याचे मात्र कोणालाही छापता येत नसत. म्हणजे शुक्रवारी रात्री एका वाहिनीवर नाटक आहे आणि त्याच वेळी दुसरीवर चित्रपट आहे, हे आठवड्याच्या आरंभीच ताडून पाहायचे असेल तर दोन साप्ताहिके विकत घेणे भाग होते. आयर्लंडमध्ये ‘मॅगिल’ या प्रकाशनाने सगळ्या वाहिन्यांचे कार्यक्रम एकाच साप्ताहिकात देण्याचा प्रयत्न केला, तेव्हा वाहिन्यांनी न्यायालयात जाऊन तो थांबवला. ते प्रकरण युरोपीय न्यायालयापर्यंत पोहोचले आणि एप्रिल १९९५ मध्ये निकाल वाहिन्यांच्या विरुद्ध लागला. ब्रिटनमध्ये १९९० च्या प्रसारण कायद्याने ही मक्तेदारी त्याआधीच मोडीत काढली होती आणि १ मार्च १९९१ पासून कोणालाही सर्व वाहिन्यांचे आठवड्याचे कार्यक्रम छापण्याची वाट मोकळी झाली. ‘व्हॉट्स ऑन टीव्ही’ सारखे स्वस्त साप्ताहिक त्याच वेळी बाजारात आले.

मला वाटते, १९९१ पूर्वीची ती परिस्थिती आता पडद्यावर परत आली आहे आणि त्याकडे फारसे कोणाचे लक्ष नाही. बीबीसीचे आयप्लेअर उघडले की बीबीसीचे कार्यक्रम दिसतात. आयटीव्हीच्या अॅपमध्ये आयटीव्हीचे, चॅनल फोरच्या अॅपमध्ये चॅनल फोरचे, नेटफ्लिक्समध्ये नेटफ्लिक्सचे. प्रत्येक जण आपल्याच अंगणातले दाखवतो. सगळ्यांना एकत्र करणारा जो पहिला पडदा स्मार्ट टीव्हीवर उघडतो, त्यावर वर कोणी बसायचे आणि खाली कोणी, हे तो टीव्ही बनवणारी किंवा त्यातली प्रणाली चालवणारी कंपनी ठरवते, आणि त्यात पैशांच्या देवाणघेवाणीचा भाग असतो. सार्वजनिक सेवा देणाऱ्या प्रसारकांना या पडद्यांवर ठळक जागा मिळावी म्हणून ब्रिटिश संसदेला २०२४ च्या माध्यम कायद्यात तशी तरतूद करावी लागली, यावरूनच तो पडदा तटस्थ नाही हे सिद्ध होते. अशा वेळी, ज्याला स्वतःचा कोणताही कार्यक्रम विकायचा नाही अशा संपादकाने सर्व वाहिन्या शेजारी शेजारी मांडून, या सात दिवसांत काय पाहण्याजोगे आहे ते सांगावे, ही सेवा मला विकत घेण्याजोगी वाटते. ‘रेडिओ टाइम्स’ हे २०११ पर्यंत बीबीसीच्याच मालकीचे होते, ही वस्तुस्थिती मी विसरलेले नाही. मात्र त्या वर्षी ते विकले गेले आणि आज ते बुर्डा या जर्मन प्रकाशनसमूहाच्या ताब्यातील इमीडिएट मीडिया ही कंपनी काढते.

आता रेडिओच्या पानांविषयी, कारण माझ्या दृष्टीने अंकाचा जीव तिथे आहे. माझे सासरे नाना अंक हातात आला की आधी शेवटची पाने उघडतात. पुढची चमकदार मुखपृष्ठकथा, कलाकारांच्या मुलाखती, तारकाचिन्हांनी गुण दिलेले चित्रपट हे सगळे ते नंतर, सवडीने वाचतात. रेडिओच्या पानावर केंद्राच्या नावाखाली त्याची कंपनसंख्या छापलेली असते, रेडिओ ३ साठी ९० ते ९३ आणि रेडिओ ४ साठी ९२ ते ९५ एफएम, आणि मग पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंतचा दिवस एका रकान्यात उतरत जातो. संध्याकाळच्या मैफलीच्या नोंदीत रचनाकार, रचना, वाद्यवृंद, संचालक आणि एकलवादक यांची नावे असतात. दुपारच्या श्राव्यनाटकाच्या नोंदीत लेखक आणि नट. नाना शिसपेन्सिलीने त्याभोवती चौकोन काढतात आणि स्वयंपाकघरात येऊन सांगतात, “अगं, गुरुवारी साडेसातला ब्राह्म्स आहे, त्या दिवशी कुणाला जेवायला बोलावू नकोस.” हे नियोजन त्यांनी फोनवर करून पाहावे म्हणून माझ्या मुलाने त्यांना बीबीसी साउंड्स हे अॅप घालून दिले, ते चालवायलाही शिकवले, आणि नाना ते चालवतातही. परंतु त्या अॅपच्या पहिल्या पानावर पॉडकास्टची गर्दी असते आणि एखाद्या केंद्राचा पाच दिवसांनंतरचा कार्यक्रम पाहायचा तर आधी केंद्र, मग वेळापत्रक, मग तारीख असे आत आत शिरावे लागते. दोन केंद्रांचा एकच संध्याकाळचा वेळ शेजारी ठेवून पाहण्याची सोय तिथे नाही, आणि छापील पानावर ती नजर फिरवण्याइतकी सोपी आहे.

दूरचित्रवाणीचा कार्यक्रम चुकला तर तो पुन्हा पाहता येतो आणि त्याची जाहिरात आपल्यावर चोहीकडून होत असते. रेडिओवरच्या चांगल्या गोष्टीची जाहिरात कोणी करत नाही. जुलैपासून सप्टेंबरपर्यंत लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये प्रॉम्स या अभिजात संगीताच्या महोत्सवातल्या मैफली रोज चालतात आणि त्या रेडिओ ३ वर थेट ऐकवल्या जातात. त्यांतल्या मोजक्या टीव्हीवर दिसतात. उरलेल्या शोधायच्या कुठे, तर रेडिओच्या पानांवर. मूळच्या शास्त्रीय संगीताच्या घरातून आलेल्या आमच्यासारख्या लोकांना पाश्चात्त्य अभिजात संगीताची ओळख या रकान्यांतून हळूहळू झाली, आणि रेडिओचे कोणते केंद्र कशासाठी लावायचे याची जाण सुद्धा.

छापील अंकाच्या उणिवा लपवण्यात अर्थ नाही. अंक दुकानात येतो तेव्हा त्यातल्या शेवटच्या दिवसाला दहा दिवस उरलेले असतात आणि छपाई त्याहून आधी झालेली असते. टेनिसचा सामना लांबला की संध्याकाळचे छापलेले सगळे वेळापत्रक कोलमडते. ८ सप्टेंबर २०२२ रोजी राणी एलिझाबेथ यांचे निधन झाले आणि बीबीसी वनचे नेहमीचे कार्यक्रम बाजूला काढले गेले, तेव्हा घरातला अंक काही दिवस निरुपयोगी ठरला. टीव्हीच्या पानांवर डझनावारी वाहिन्या बसवण्यासाठी अक्षर इतके बारीक केले आहे की वयस्कर वाचकांना, म्हणजे जे हा अंक खरोखर विकत घेतात त्यांनाच, भिंग लागते. ही गोष्ट मला मनापासून खटकते. शिवाय रेडिओच्या नावाने निघणाऱ्या साप्ताहिकात रेडिओला शेवटची जागा मिळावी, आणि ‘टीव्ही चॉइस’सारख्या स्वस्त साप्ताहिकांत तर रेडिओची चिंताच नसावी, हेही खटकते. ज्यांना फक्त मालिकांत पुढे काय होणार एवढेच जाणून घ्यायचे आहे त्यांना ही स्वस्त साप्ताहिके पुरतात.

आणखी एक बाजू आहे, आणि तिच्याविषयी मराठी वाचकांनी विचार करावा असे मला वाटते. प्रसारण हवेत विरून जाते. सुरुवातीच्या दशकांत बहुतेक कार्यक्रम थेट होत आणि त्यांचे ध्वनिमुद्रण होतच नसे. पुढे मुद्रण होऊ लागले तरी बीबीसीने साठ-सत्तरच्या दशकांत कितीतरी चित्रफिती पुसून पुन्हा वापरल्या. त्या कार्यक्रमांचा उरलेला पुरावा म्हणजे कार्यक्रमपत्रिकेतल्या दोन ओळी. बीबीसीने १९२३ पासून २००९ पर्यंतच्या ‘रेडिओ टाइम्स’मधील नोंदी ‘जीनोम’ या नावाने शोधता येतील अशा रूपात २०१४ मध्ये खुल्या केल्या, आणि संशोधकांना एक खजिनाच मिळाला.

आपल्याकडेही हे घडले आहे. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले आणि त्याच महिन्यात ‘इंडियन रेडिओ टाइम्स’ ही कार्यक्रमपत्रिका मुंबईतून निघाली. तिचीच परंपरा डिसेंबर १९३५ पासून ‘द इंडियन लिसनर’ने चालवली, आणि १९५८ मध्ये त्याचे नाव ‘आकाशवाणी’ झाले. कलकत्त्याहून बंगालीत ‘बेतार जगत’ निघत असे. मुंबई केंद्रावर कोणत्या सायंकाळी कोण गायले, कोणता राग गायले, किती वाजता गायले, हे या अंकांत छापलेले आहे, आणि ज्या गायकांच्या मोजक्याच तबकड्या आज उपलब्ध आहेत त्यांच्या कारकिर्दीचा माग काढणाऱ्यांना दुसरे साधन जवळजवळ नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लंडनमध्ये बीबीसीच्या पौर्वात्य विभागात जॉर्ज ऑर्वेल यांच्याबरोबर काम करणाऱ्या वेणू चितळे यांच्यासारख्या मराठी निवेदिकांचा शोध घ्यायचा तरी आरंभ अशाच याद्यांपासून करावा लागतो. आज पडद्यावर दिसणारे वेळापत्रक आठवड्याने पुढे सरकते आणि मागचे वापरणाऱ्याच्या नजरेआड होते. पन्नास वर्षांनी कोणी या आठवड्याचा अभ्यास करू म्हणेल, तर छापील अंक ग्रंथालयात असेल. अॅपच्या पहिल्या पानावर त्या दिवशी काय झळकत होते याची नोंद कुठे राहील, हे मला सांगता येणार नाही.

अर्थात, भावी संशोधकांसाठी कोणी आज पैसे खर्च करावेत असे मी म्हणत नाही. ज्यांना खर्च जड वाटतो त्यांनी आपल्या भागातल्या सार्वजनिक ग्रंथालयात चौकशी करावी. बऱ्याच ग्रंथालयांच्या सभासदांना साप्ताहिके टॅबलेटवर विनामूल्य वाचता येतात. ज्यांची दृष्टी गेली आहे त्यांच्यासाठी आरएनआयबी ही संस्था ब्रेल लिपीत कार्यक्रमपत्रिका पुरवत आली आहे, हे इथल्या मराठी मंडळांतल्या ज्येष्ठांना फारसे माहीत नसते, म्हणून मुद्दाम लिहिते.

आणि पहिल्यांदा घेऊन पाहायचा असेल तर नाताळचा अंक निवडू नये. नाताळचा जोडअंक ही इकडे आपल्या दिवाळी अंकासारखी रीत आहे. १९८८ च्या त्या एका अंकाच्या १ कोटी १२ लाखांहून अधिक प्रती खपल्या होत्या, आणि आजही वर्षभर अंक न घेणारी घरे तेवढा एक घेतात. पण तो टीव्हीचा उत्सव असतो, आणि दोन आठवड्यांचे कार्यक्रम असल्याने रेडिओची पाने त्यात हरवून जातात. त्यापेक्षा जुलैच्या मध्यात, प्रॉम्स सुरू होण्याच्या आठवड्याचा अंक घ्यावा, मागून उघडावा, आणि ऐकावेसे वाटेल त्याभोवती आठवड्याच्या सुरुवातीलाच खुणा करून ठेवाव्यात. शुक्रवारी त्या खुणांपैकी निम्म्या जरी प्रत्यक्ष ऐकून झाल्या असतील, तर वर्गणीचा विचार करावा. एकही झाली नसेल, तर रिमोटवरचे बटण तुम्हाला पुरेसे आहे.